मूळ प्रत दप्तरी

लातूर जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात गुरुलिंग नावाचा कारकून होता आणि त्याच्या हातून आजवर एकही मूळ कागद दप्तराबाहेर गेला नव्हता. ब्याऐंशी साली उस्मानाबादपासून लातूर वेगळं झालं, नवा जिल्हा झाला, तेव्हा तिकडच्या फायली पोत्यात भरून ट्रकनं आल्या. पोती मोजून घेतली गेली, आतले कागद कोणी मोजले नाहीत. एका विहिरीच्या मंजुरीचा कागद त्या गडबडीत गहाळ झाला आणि अख्खं गाव दोन उन्हाळे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलं, हे गुरुलिंगनं पाहिलं होतं. तेव्हापासून त्यानं नेम धरला. मूळ कागद फायलीत ओवायचा, कपाटाला कुलूप लावायचं, किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधायची, आणि ज्याला कागद हवा त्याला टाइप करून सत्यप्रत द्यायची. त्या प्रतीवर नव्या जिल्ह्याचा गोल शिक्का उमटवताना त्याचा चेहरा असा काही खुलायचा की कचेरीतले लोक त्याला ‘गोलशिक्के’ म्हणायचे. त्याला त्याचा राग येत नसे. खरं तर आवडायचं.

अशा माणसाची गाठ शांतम्माशी पडली.

शांतम्मा चाकूरजवळच्या बोरवाडीची. तिच्या गावचा हातपंप बंद पडला, तेव्हा नियमाप्रमाणे जिल्ह्याला अर्ज करायचा आणि दुरुस्तीची गाडी येईल तेव्हा येईल, असा प्रकार होता. बाईनं नवऱ्याच्या इंजिनाचा पाना उचलला आणि पंप उघडला. ग्रामसेवकानं कळवलं, साहेबांनी हुकूम दिला, आणि सरकारी मालमत्तेला हात लावल्याची नोटीस घेऊन गुरुलिंग स्वतः बोरवाडीला गेला. पाहतो तर पंपापाशी आठ बाया जमलेल्या, बोअरमधून पाइप वर काढत असलेल्या, आणि मधोमध पदर खोचून उभी शांतम्मा.

"शरणार्थ, अप्पा," ती म्हणाली. "कागद द्यायला आलात न्हवं? ठिवा हितं दगडाखाली. आन हा पाइप धरा आधी, निसटून राहिलाय."

गुरुलिंगनं धरला. दुसरं काय करणार? खाली दट्ट्याचं चामडी वायसर झिजून गेलं होतं. शांतम्मानं घरातली जुनी मोट फाडून त्याच मापाचं चामडं कापून आणलं होतं, रात्रभर तेलात भिजवलं होतं. दुपारी पंपाला पाणी आलं. गुरुलिंग ओंजळीनं ते पाणी प्यायला आणि मग त्यानं दगडाखालची नोटीस काढून तिची सही घेतली.

"पाणी थांबलं ते काय मी थांबवलं न्हाई," सही करता करता ती म्हणाली. "मग चालू करायला मी कुणाला इचारू?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही परिपत्रकात नव्हतं. गुरुलिंगनं परत येऊन साहेबांकडे दोन महिने लकडा लावला आणि जिल्ह्याच्या हातपंप दुरुस्तीच्या शिकवणीत तिचं नाव घालून घेतलं. तिथं सगळे बाप्ये आणि ही एकटी. तीन वर्षांत तिनं आसपासच्या वीस गावांचे पंप सांभाळले, पाना खांद्यावर टाकून पायी जायची. शहाऐंशीच्या दुष्काळात नांदेडकडचे लोकसुद्धा तिला न्यायला यायचे. गुरुलिंगला तिचा इतका अभिमान वाटे की आलेल्या गेलेल्याला तो तिची गोष्ट सांगे. नोटीस मात्र त्यानं फाडली नाही. मूळ कागद होता ना तो.

त्याच वर्षी आफ्रिकेतून लिफाफा आला. नैरोबीतल्या बायकांच्या एका संस्थेनं शांतम्माला बोलावलं होतं. दहा दिवस नैरोबीजवळच्या खेड्यांत हातपंप दुरुस्ती शिकवायची, तिथून बसनं शेजारच्या देशात आरुषाला जायचं, तिथं दुसरं शिबिर, आणि घरी परतायचं विमानाचं तिकीट तिथंच हातात मिळणार. म्हणून लिफाफ्यात मुंबई ते नैरोबी असं एकेरी विमानाचं तिकीट होतं आणि त्याला जोडून नैरोबी ते आरुषा बसचं एक वीतभर गुलाबी तिकीट.

"जाशील का?" गुरुलिंगनं विचारलं. एवढ्या वर्षांत तो तिला कधी अहो तर कधी अगं म्हणायला लागला होता.

"तिथल्या बाया बी चार चार मैल पाणी वाहून राहिल्यात म्हणं. मला येतंय ते सांगायला काय जातंय माझं?" ती म्हणाली. मग म्हणाली, "अप्पा, मला लई जावंसं वाटून राहिलंय. आजवर कुणी मला शिकवायला बोलवलं न्हवतं."

हे ती कधी बोलली नसती, पण बोलली. गुरुलिंगनं पासपोर्टापासून सगळं अंगावर घेतलं. तिच्याबरोबर मुंबईपर्यंत जायचंही कबूल केलं. विमानाचं तिकीट तिच्या हाती दिलं, कारण त्याच्यावर तिचं नाव छापलेलं होतं. गुलाबी कागद मात्र त्यानं फायलीत ओवला. बसचं तिकीट, तेही परमुलखातलं, हरवलं तर कोण देणार? त्याची इंग्रजीत टाइप केलेली सत्यप्रत केली, खाली सही, वर गोल शिक्का, आणि ती पिशवीत नीट ठेवली.

गुरुवारी सकाळी दोघं मुंबईत उतरली. मस्जिद बंदरला उदगीरच्या एका आडत्याच्या पेढीवर सामान टाकलं. शांतम्मानं अंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, पूजा उरकली, आणि दोघं विमान कंपनीच्या कचेरीत गेली. विमान शनिवारी दुपारचं होतं, पण आधी येऊन जागा पक्की करायची असते असं कळलं होतं.

खिडकीपलीकडच्या तरुणानं तिकीट उलटून पाहिलं. "जाण्याचंच आहे. त्या देशातून पुढे कधी, कसं जाणार याचा पुरावा लागतो. नाहीतर ते तिथून परत पाठवतात आणि भुर्दंड आम्हाला बसतो."

गुरुलिंगनं छाती पुढं काढून सत्यप्रत सरकवली. तरुणानं ती वाचली, पुन्हा वाचली.

"हे तिकीट नाही."

"तिकिटाची सत्यप्रत आहे. शिक्का बघा."

"काका, तिकिटाची सत्यप्रत नसते. तिकीट कुठाय?"

"दप्तरी," गुरुलिंग म्हणाला, आणि तो शब्द तोंडातून निघाल्याबरोबर त्याला आपली चूक कळली. तिकीट लातुरात होतं, कपाटात होतं, आणि कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला होती. पुढचं विमान आठवड्यानं. तोवर निम्मं शिबिर उरकलं असतं, आणि शांतम्मा वेळेवर पोचली नाही तर दुसरा माणूस बोलावू, असं त्या संस्थेनं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी शिकवायला बोलावलं, तिची वाट त्यानं आपल्या हातानं कुलपात घातली होती.

त्यानं मग जे करू नये ते केलं. आवाज चढवला. नव्या जिल्ह्याचा अपमान वगैरे बोलला. तरुण कानकोंडा झाला. शांतम्मानं गुरुलिंगच्या दंडाला हात लावून त्याला मागं सारलं आणि स्वतः खिडकीशी गेली.

"बाळा, ते गुलाबी तिकीट आणलं तर जाऊ देता न्हवं?"

"हो, मावशी. मग काहीच अडचण नाही."

"आणखी काय काय लागंल ते आत्ताच सांग. पाइप एकदाच उपसायचा असतोय. पुन्ना पुन्ना उपसला की आटे जातेत."

तरुण हसला. पण त्यानं खरंच एका चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं आणि शनिवारी सकाळी दहापर्यंत थेट विमानतळावर या म्हणाला. बाहेर आल्यावर गुरुलिंगला तिच्याकडे बघवेना. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"अप्पा," ती म्हणाली, "हितून लातूरला गाडी कवा हाय?"

एवढंच. तिनं त्याला एसटीत बसवलं, वाटेत खायला ज्वारीच्या भाकरीचं गाठोडं दिलं. ते तिनं विमानातल्या प्रवासासाठी गावाहून आणलं होतं.

शुक्रवारी सकाळी गुरुलिंग कचेरीत पोचला, तर साहेब अमृतराव टँकरच्या कामानं औशाला दौऱ्यावर. मूळ कागद दप्तरातून काढायला साहेबांचा लेखी हुकूम लागतो, आणि हा नियम गुरुलिंगनंच मागं लागून लिहवून घेतला होता. औशाला फोन लावला, साहेब तिथून कुठल्याशा गावाला निघून गेलेले. दुपारचे तीन वाजले. मुंबईची गाडी पाचला होती.

त्यानं कपाट उघडलं. फाईल काढली. गुलाबी तिकीट पान चौदावर होतं. त्याच फायलीत खाली, पान एकवर, तीन वर्षांपूर्वीची नोटीस होती, सरकारी मालमत्तेला विनापरवानगी हात लावल्याबद्दल, आणि तिच्याखाली शांतम्माची वाकडीतिकडी सही. गुरुलिंग त्या सहीकडे किती तरी वेळ पाहत बसला. पंप बंद होता म्हणून तिनं उघडला होता. इथं तर बंद करणारा तो स्वतःच होता, आणि तरी हुकमाची वाट बघत बसला होता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्यानं दोरी सोडली. तिकीट बाहेर काढलं. रिकाम्या जागी एक कोरा कागद ओवून त्यावर लिहिलं: ‘पान चौदा, मूळ तिकीट, प्रवासी शांतम्मा यांच्या हाती दिले. वरिष्ठांची परवानगी घेतलेली नाही. जबाबदारी माझी.’ सही केली. शिक्का मारला, तो घाईत वाकडा उमटला. पाचच्या गाडीत तो बसला तेव्हा तिकीट सदऱ्याच्या आत, छातीशी, रुमालात गुंडाळलेलं होतं.

शनिवारी साडेनऊला विमानतळाच्या दारात शांतम्मा ट्रंकेवर बसलेली होती. कुणालातरी विचारत विचारत एकटीच आली होती. जवळ बसलेल्या कुठल्या बाईच्या पिशवीची तुटलेली साखळी दुरुस्त करून देत होती. त्याला पाहिल्यावर उठली आणि हात पुढे केला. गुरुलिंगनं रुमाल सोडला. तपासणाऱ्या माणसानं गुलाबी तिकीट पाहिलं, मान हलवली, आणि काम अर्ध्या मिनिटात झालं.

आत जाण्याआधी ती वळली. "अप्पा, ती खोटी प्रत बी द्या."

"खोटी नाही! सत्यप्रत!"

"हाव, तीच. द्या."

त्यानं दिली. तिनं ती घडी करून चोळीत ठेवली आणि गेली. काचेपलीकडं तिचं हिरवं इरकल दिसेनासं होईपर्यंत गुरुलिंग उभा होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

अमृतराव परत आले आणि पान चौदा पाहून भडकले. माणूस वाईट नव्हता, पण दुष्काळात रोज शिव्या खाऊन वैतागलेला. ‘मूळ कागद तीस दिवसांत दप्तरी दाखल करावा, अन्यथा चौकशी का करू नये याचा खुलासा करावा’ अशी नोटीस गुरुलिंगला मिळाली. त्यानं ती घेतली, पोच दिली. बसचं तिकीट बसवाले घेणार, ते परत कुठून येणार हे त्यालाही कळत होतं. सत्तावीस दिवस तो जेवायला बसे आणि दोन घास खाऊन उठे.

अठ्ठाविसाव्या दिवशी शांतम्मा कचेरीत आली. उन्हानं आणखी काळी झाली होती आणि हातात तोच पाना होता, कारण येता येताच तिनं वाटेत चाकुरात एक पंप पाहिला होता. आफ्रिकेतल्या बायांना चार दिवसांत सगळं आलं, म्हणाली. त्यांचं बोलणं हिला कळेना, हिचं त्यांना, पण पाइप धरायला भाषा लागत नाही. एका गावात पाणी आलं तेव्हा बाया तिला उचलून नाचल्या. हे सांगताना ती मोकळेपणानं रडली.

मग तिनं चोळीतून घडी काढली. तीच सत्यप्रत. तिच्यावर खाली निळ्या शाईत इंग्रजी दोन ओळी होत्या: मूळ तिकीट प्रवास झाल्यावर आमच्याकडे जमा. आणि शेजारी आरुषाच्या बस कंपनीचा शिक्का. तोही गोल.

"कंडक्टर तिकीट दीना परत. मग त्यांच्या कचेरीत जाऊन बसले दिवसभर," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं, तुमच्या जिवाला घोर लागला असंल. त्या मॅनेजरनं तुमचा शिक्का बघितला, मग गुमान आपला बी काढला."

अमृतरावांनी कागद घेतला, दोन्ही शिक्के उजेडात धरून पाहिले, आणि कधी नव्हे ते हसले. "लावा हो पान चौदाला," म्हणाले. "आणि ती तुमची नोटीस रद्द समजा. द्या फाडून टाकतो."

"फाडू नका, साहेब," शांतम्मा मधेच म्हणाली. "मूळ कागद हाय तो. माझी नोटीस हाय न्हवं पान एकला? तिच्या शेजारी लावा अप्पांची."

गुरुलिंगनं फाईल उघडली, दोरी सोडली आणि दोन्ही नोटिसा एकीला लागून एक ओवल्या. मग त्यानं दोरीला घट्ट गाठ मारली आणि कपाटाला कुलूप लावलं.