विचारांची खोली

कापडी खेळण्यांच्या कारखान्यात तो खेळण्यांची चित्रं काढायचा, तेही शिलाई मशीनच्या खडखडाटात, मावशींच्या शेजारी बसून. मावशी शिवता शिवता मान वाकडी करून बघायच्या आणि फटकन म्हणायच्या, "अरे, हे अस्वल आहे की रुसलेला बटाटा?" तो चिडायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा. कारखान्याची गाजलेली सगळी खेळणी अशी टोमणे खाऊनच जन्माला आली होती.

मालकांना वाटलं, एवढ्या गोंगाटात याला इतकं सुचतं, तर शांततेत काय काय सुचेल! त्यांनी त्याला बढती दिली, वरच्या मजल्यावर वेगळी खोली दिली आणि दारावर पाटी ठोकली : 'विचार चालू आहे'.

विचार कसला डोंबलाचा! तीन महिने कागद कोरा आणि कान जिन्याकडे.

आज त्याने मुद्दाम एक भिकार ससा काढला, त्याचे कान पोटाला चिकटवले आणि खाली उतरला. त्याला बघताच मशीन थांबल्या. मावशी चटकन उठून उभ्या राहिल्या. त्याने आशेने कागद पुढे केला.

मावशींनी हात पुसून तो घेतला, नीट पाहिला आणि अदबीने परत दिला.

"छान आहे, साहेब."