लेकीचं रडणं

“रड की गं जगदेवी, माणसं खोळंबून राहिलीत बाहेर,” धाकटी मावशी तिच्या कानाशी लागून म्हणाली.

उदगीरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात गेलेल्या गुणाबाईला, जगदेवीच्या आईला, त्यांच्या रीतीप्रमाणं भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचा हार. बिदरकडून आलेल्या दहा-बारा बायका दाटीवाटीनं बसून जगदेवीच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांच्यात आई गेली की पहिला हंबरडा लेकीचा. नुसते डोळे पुसून भागत नाही. आईला हाक मारून, तिचे गुण, तिचे हाल सांगत सांगत कन्नडमध्ये रडायचं. मग बाकीच्या बायका सूर लावणार आणि त्यानंतरच आईला उचलणार.

जगदेवी लातूरच्या दवाखान्यात बावीस वर्षं नर्स होती. रडणाऱ्यांना धीर देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. इथं मात्र ती आईच्या गळ्यातला हार पुन्हा पुन्हा सारखा करत होती.

चौथीत असताना वर्गातल्या पोरींनी तिला ‘कानडी, कानडी’ म्हणून चिडवलं होतं. घरी येऊन तिनं सरळ आईच्या तोंडावर हात ठेवला. “आजपासून माझ्याशी तसलं बोलायचं न्हाई. मराठीत बोल, न्हाईतर गप ऱ्हा.” गुणाबाई पडली गरीब गाय, तिनं ऐकलं. पुढची चाळीस वर्षं ती लेकीशी ‘जेवली का’, ‘बरी हाय का’ एवढंच बोलली आणि शब्द संपले की नुसती हसली. हीच बाई बहिणीशी मात्र तासन्‌तास बोलायची, तेव्हा जगदेवी टीव्हीचा आवाज वाढवायची; लहानपणीची कन्नड ती कधीच विसरून गेली होती. कसली अवदसा आठवली होती आपल्याला, असं तिला आज वाटत होतं.

“अव्वा...” आईला हाक मारायला तिनं तोंड उघडलं. पुढं काही येईना. मराठीत रडावं, तर या बायकांपुढं तेही होईना. कुजबुज सुरू झाली.

मावशीनं तिचा हात हातात घेतला आणि जगदेवीच्या नावानं स्वतःच हंबरडा फोडला. ती एकेक शब्द ओढून लांबवत होती. ऐकता ऐकता बायका पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागल्या. एकटी जगदेवी तेवढी कोरडी.

तिनं शेजारच्या म्हातारीला हळूच विचारलं, “मावशी काय म्हणायलीय?”

“ती कुठं, तूच म्हणायलीस की माय,” म्हातारी डोळे पुसत म्हणाली. “‘अव्वा, तू गेलीस, आता माझ्याशी कोण बोलंल?’”

माणसं आत आली आणि त्यांनी गुणाबाईला उचललं.