काळीज बारकं झालं

माझी नात संयोगिता कुस्ती खेळते. निवड चाचणीआधीच्या तपासणीत डॉक्टर आदितींनी यंत्रावर तिचं हृदय पाहिलं आणि म्हणाल्या, "हृदय मोठं झालंय."

मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली. अर्धवट वाचनामुळे मला घाम फुटला. तिचे वस्ताद जोतीराम मात्र फुलले आणि पुढचं ऐकायलाही थांबले नाहीत.

संयोगिताला घेऊन मी तालमीत पोहोचलो तोवर नारळ फुटला होता, थंडाई घोटली जात होती.

"पोरींनो, संयोगिताचं काळीज मोठं हाय! यंत्रात दिसलंय!" वस्ताद ओरडत होते. "आबा, तोंड का पाडलंय? घ्या की!"

मला चारचौघांत बोलता येत नाही. तरी डॉक्टरांचं पुढचं बोलणं चाचरत सांगितलं : कसून मेहनत करणाऱ्यांचं हृदय असं वाढतं, पण एका आजारातही वाढतं. तीन महिने मेहनत बंद ठेवायची. हृदय आटून पूर्वीएवढं झालं, तर ती वाढ मेहनतीची. नाही आटलं, तर कुस्ती कायमची सुटली.

वस्तादांचा पेला हातातच राहिला. "काळीज आटू दे म्हणून देवाला सांगायचं? पैलवानानं?"

निवड चाचणी तिच्याविना झाली. पहाटे जोर मारणारी पोर माझ्याशेजारी बसून मटार सोलू लागली. संध्याकाळी तालमीच्या पायरीवर बसून धाकट्या पोरींना ओरडायची, "खांदा खाली घे की गं, म्हशी!" त्या आवाजात कुढणं नव्हतं. मी तिच्या जागी असतो तर तालमीचा रस्ताच टाळला असता.

एकदा न राहवून विचारलं, "भीती वाटते का गं?"

तिनं माझी बोटं आपल्या मनगटावर ठेवली. एक ठोका. मग इतका वेळ काहीच नाही, की माझाच जीव वरखाली झाला. मग दुसरा, तसाच सावकाश आणि भरदार.

"ह्ये भ्यालेल्या माणसाचं हाय व्हय, आबा?"

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर हसल्या. "आटलंय. मेहनतीनंच वाढलं होतं. आजार नाही. खेळू दे तिला."

मी चष्मा पुसत बसलो. वस्तादांचा चेहरा मात्र उतरला.

"म्हंजे पोरीचं काळीज बारकं झालं?"

"झालं तर झालं, वस्ताद," संयोगिता उठत म्हणाली. "वाढवू की परत. उद्या पहाटं येतो."