दरापाड्यावर न वाजलेला डफ

“अरे, हा डफ कशाला आणलास बरोबर?” तलाठी गोकुळ भाऊसाहेबांनी नवसूला कचेरीच्या जिन्याखालीच अडवलं. “इथं काय तमाशा आहे?”

“साहेबांनी दवंडीचंच इचारायला बोलावलंय ना?” नवसू म्हणाला. “म्हनून आनला. डफाबिगर कोतवाल कसा?”

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग इकडेतिकडे बघून त्यांनी नवसूला भिंतीकडे घेतलं.

“नीट ऐक. आत एकच प्रश्न आहे. चारही पाड्यांत दवंडी दिलीस का? तू म्हणायचं, हो. पुढं-मागं काही बोलायचं नाही. तुझी शिपायाची ऑर्डर टाइप होऊन पडलीये, फक्त सही राहिलीये. उभी हयात वाट बघितलीस ना तिची?”

बघितली होती. नवसूच्या बरोबरीचे काही कोतवाल वाट बघता बघता म्हातारे झाले, एक-दोघे मरूनही गेले. शिपाई झालं की पक्का पगार, मागं पेन्शन. छातीवरचा पितळी बिल्ला रोज राखेने घासणाऱ्या माणसाला आणखी काय हवं असतं?

दरापाड्याच्या डोक्यावर सोन्याची एक जुनी खाण आहे. फार पूर्वी कोणा गोऱ्या साहेबाने ती खणली आणि आत पाणी लागलं तशी टाकून दिली. साहेबाचं नुकसान झालं, दरापाड्याचं भलं झालं. त्या खाणीच्या तोंडातून बारमाही पाणी झिरपतं. वैशाखात सूर्यमाळच्या पठाराच्या अंगाने बाया हंडे घेऊन रानोमाळ हिंडतात, तेव्हा दरापाड्याच्या बाया गप्पा मारत निवांत पाणी भरतात. आता एका कंपनीला ती खाण पुन्हा सुरू करायची होती, आणि पहिलं काम म्हणजे पंप लावून आतलं पाणी उपसून टाकणं.

कंपनीला पर्यावरण खात्याची परवानगी मिळालीही. जनसुनावणीत कोणाचीच हरकत आली नाही, असं कागदावर होतं. दरापाड्याची माणसं हायकोर्टात गेली आणि म्हणाली, सुनावणी आहे हे आम्हाला कोणी कळवलंच नाही. कोर्टाने चौकशी लावली. चौकशीचे साहेब मुंबईहून जव्हारला आले. दवंडी झाली असेल तर परवानगी राहणार, झाली नसेल तर जाणार. वकिलांचे गठ्ठेच्या गठ्ठे कागद शेवटी नवसूच्या डफापाशी येऊन अडले होते.

समोरच्या जांभळीखाली दरापाड्याची माणसं बसली होती. त्यांच्या वकील उज्ज्वलाताईंनी सगळ्यांना बजावलं होतं, कोतवालाशी केसबद्दल अवाक्षर काढू नका, साक्षीदाराला पढवलं म्हणतील. त्या घोळक्यातून सोमी उठली. नवसूची धाकटी बहीण. तिचा नवरा सुकऱ्या गेल्यापासून तिचं कपाळ मोकळं होतं, आणि ते बघायची नवसूला अजून सवय झाली नव्हती.

“दादा, खाल्लंस का काय?”

नवसूने मान हलवली. तिने फडक्यातली नाचणीची भाकर त्याच्या हातावर ठेवली आणि माघारी जाऊन बसली. केसचं एक अक्षर ती बोलली नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं, असं नवसूला वाटलं. भाकरीचा घास त्याच्या तोंडात नुसता फिरत राहिला.

तेवढ्यात पुकारा झाला.

आत पंखा कुरकुरत होता. डफ शिपायाने दारातच ठेवून घेतला. साहेबांनी शपथ दिली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, “जनसुनावणीची दवंडी तुम्ही चारही पाड्यांत दिली होती का?”

भाऊसाहेब भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा श्वास अडकलेला नवसूला दिसत होता. एका ‘हो’चं काम होतं. एवढी भीती त्याला कधी अंधाऱ्या रानातही वाटली नव्हती.

“तीन पाड्यांत दिली, साहेब. दरापाड्यावर नाय दिली.”

कंपनीचे वकील ताडकन उठले. “दरापाड्यात तुमची बहीण राहते ना?”

“हां. सोमी.”

“म्हणजे तिच्यासाठी आज खोटं बोलताय.”

“तिच्यासाठीच तं डफ नाय वाजवला,” नवसू म्हणाला. “मी वर गेलो, तं पाड्याच्या हद्दीवरच कळलं. तिचा नवरा मेलेला. मयताच्या पाड्यावर दिवस होत नाय तवर डफ वाजत नाय, साहेब. सरकारचा असला तरी.”

“मग तोंडी सांगायचं!”

“सुकऱ्याला खांदा देऊन आलो होतो. राख निवली नव्हती. त्या घरात कोनाला सांगू, सुनावनीला चला म्हनून? दिवस झाल्यावर सांगू म्हटलं, तं सुनावनी अगोदरच होऊन गेली.”

“म्हणजे कामात कसूर केलीत तुम्ही.”

कसूर म्हणजे काय ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्या एका शब्दावर कोतवाल घरी जातो.

“कसूर म्हना. पन आज तसंच घडलं, तं आजबी नाय वाजवनार.”

साहेबांनी कागद पुढे सरकवला. “मग इथं चारही पाड्यांत दवंडी दिली असं कोणी लिहिलं?”

एक पाडा राहिल्याचं नवसूने त्याच आठवड्यात भाऊसाहेबांना सांगितलं होतं. “जाऊ दे रे, लिहून टाकलंय,” असं म्हणून त्यांनीच शाईचं पॅड पुढे केलं होतं. नवसूने भिंतीकडे एकदा पाहिलं. भाऊसाहेब रुमालाने मान पुसत होते. त्यांच्या पोरीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं.

“मना वाचता येत नाय, साहेब,” तो म्हणाला. “अंगठा माझा हाय.”

कोर्टाने परवानगी रद्द केली आणि सुनावणी नव्याने घ्यायला सांगितलं. जांभळीखाली पेढे वाटले गेले असं नवसूला नंतर कळलं. शिपायाची ऑर्डर सहीविनाच राहिली आणि कोतवालकीही गेली. डफ, पट्टा आणि बिल्ला जमा करायला तो गेला, तेव्हा भाऊसाहेबांनी त्याच्यासाठी स्वतः उठून खुर्ची ओढली. आजवर नवसू त्या खोलीत कधी खुर्चीवर बसला नव्हता.

“माझं नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं रे,” ते खाली बघून म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“चाललं नसतं, भाऊसाहेब,” नवसू म्हणाला, आणि उभ्याउभ्याच बिल्ला टेबलावर ठेवून बाहेर पडला. वाटभर त्याला चालताना खांदा हलका हलका वाटत होता, आणि तो हलकेपणा त्याला अजिबात सोसत नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात नवी सुनावणी लागली. या वेळी दवंडीला कोतवाल नव्हता, कर्णा बांधलेली जीप होती. मोखाड्याच्या बाजारात नवसूने ती ऐकली. त्याच्या डोळ्यांदेखत जीप डांबरी रस्ता संपेपर्यंत गेली, तिथूनच डोंगराकडे तोंड करून ओरडली आणि वळली. दरापाडा दरीच्या पलीकडे. तिथे आवाजाचा मागमूसही पोचला नसणार. आणि सुनावणी उद्यावर आलेली.

नवसू बाजाराची पिशवी तिथेच एका दुकानात टाकून चढणीला लागला.

सोमी खाणीच्या तोंडाशी पाणी भरत होती. त्याने धापा टाकत तिला सगळं सांगितलं.

“मग सांग ना पाड्याला,” ती म्हणाली.

“कसा सांगू? बाया पान्यावर, गडी रानात. डफ जमा केला. आन मी आता कोन? कोतवाल थोडाच हाय?”

हंडा तसाच सोडून सोमी घरी गेली. रॉकेलचा रिकामा डबा घेऊन आली आणि तिने तो भावाच्या हातात दिला.

“वाजव दादा. आता पाड्यावर मयत नाय.”

नवसूने डबा खांद्याला लावला. हात सवयीने छातीवर गेला, बिल्ला सरळ करायला. तिथे नुसता सदरा होता. हात क्षणभर तसाच राहिला. मग त्याने डब्यावर थाप मारली.

“ऐका हो ऐका...”

रानातली माणसं कमरेवर हात ठेवून वर बघू लागली.