करंट गेला म्हणायची सोय

आमच्या सापगावात करंट इतका मरतुकडा, की बल्ब लागलाय का ते बघायला मला काडी ओढावी लागायची. शेजारच्या सोनूबाईच्या पंख्यावर चिमणीने घरटं बांधलं, पिल्लं मोठी होऊन उडून गेली, तरी पंख्याचा पहिला फेरा चालूच होता. खोटं वाटत असेल तर चिमणीला विचारा.

त्यामुळे माझ्या नातीचा, दीप्तीचा, गेमचा कॉम्प्युटर ऐन लढाईत फटकन बंद पडायला लागला तेव्हा साऱ्या घराने लाइनीलाच शिव्या घातल्या. तिच्या टीमचा कप्तान मुरबाडचा सुरज. त्याने बजावलं होतं, "रविवारच्या मॅचला परत गायब झालीस तर तुझ्या जागी दुसरा."

मी म्हटलं, "भाताची गिरण बंद असताना खेळ गो. गिरणच सगळा करंट खाते."

ती तशी खेळली. तरी कॉम्प्युटर पडलाच. दीप्ती वर बघत राहिली.

"आजोबा, पंखा तर फिरतोय."

"मग?"

"मग करंट गेला नाय. पॉवर सप्लायच कमी पडतोय."

म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या भागांना वाटणारा डबा. तिने ग्राफिक्स कार्ड नवं दांडगं घातलं होतं, डबा मात्र जुनाच. लढाई पेटली की कार्ड हावऱ्यासारखं मागायचं आणि डबा मान टाकायचा.

आम्ही शहापूरला दुकानात गेलो. एका डब्यावर आठशे वॅटचा आकडा, आत रंगीत दिवे. माझं मन त्याच्यावरच बसलं. दीप्तीने साडेसहाशेचा काळा, साधा डबा उचलला.

"मोठा आकडा सोडून हा कशाला?"

"तो आकडा क्षणभराचा आहे. हा साडेसहाशे सतत देतो. माझं सगळं मिळून चारशेच्या आसपास मागतं, वर थोडी मोकळीक हवी. तुमी म्हसा गावच्या जत्रेत रंगवलेली शिंगं बघून बैल घेता का?"

"एकदा घेतला होता. धुतल्यावर म्हैस निघाली."

दुकानदार हसला, ती नाय हसली. काळाच घेतला.

रविवारी हेडफोनचा एक कान तिला, एक मला. लढाई पेटली, कॉम्प्युटर हूं की चूं नाय. अन शेवटच्या फेरीत दीप्ती घाईने आडोशातून बाहेर पडली आणि मेली. टीम हरली.

"काय गो, करंट गेला का?" सुरजचा आवाज.

मी जोरजोरात मान हलवली, हो म्हण, हो म्हण! मुरबाडहून कोण बघायला येणार होतं? आमच्या गावात करपलेल्या भाकरीपासून नापास पोरापर्यंत सगळं लाइनीच्या अंगावर टाकलंय आमी. वीज धड असली की माणूस फार उघडा पडतो, हे मला त्या दिवशी तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

"करंट होता," दीप्ती म्हणाली. "मीच घाई केली."



"बरं," सुरज म्हणाला, "उद्या आडोशातून निघायची प्रॅक्टिस करू. टाइमावर ये."