आधी एकच दार

मित्रांनो, मला बघून लोक म्हणतात, ही कुठली जुनी खिडकी काढून ठेवलीय? असा राग येतो! खिडकी नाही हो मी. मी कामिशिबाईची, म्हणजे जपानी चित्रकथेची, चौकट आहे. मला तीन लाकडी दारं आहेत आणि बाजूला एक फट. त्या फटीतून एकेक चित्र ओढायचं आणि गोष्ट सांगायची, झालं.

सादो बेटावरच्या एका सुतारानं मला देवदाराच्या लाकडातून बनवलं. मग क्योसाकु आजोबांनी मला सायकलच्या मागं बांधलं. काडीवर गुंडाळलेला गोड पाक ते विकायचे. गल्लीत आले की दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर आपटायचे, टक! टक! पोरं हातातलं टाकून पळत यायची. आजोबा माझं एकच दार उघडायचे. मग थांबायचे. "अहो आजोबा, उघडा की!" पोरं ओरडायची. तेव्हा कुठं दुसरं. खूप मजेत गेले ते दिवस.

मग घरोघरी टीव्ही आला. आजोबांनी मला शाळेला दिलं, आणि शाळेनं मला चेंडूंच्या खोलीत टाकलं. किती वर्षं गेली, मोजली नाहीत. माझ्यावर फुटके चेंडू ठेवायचे! लाज वाटायला हवी होती कुणाला तरी.

यंदा पहिलीला चिनात्सु बाई आल्या. नव्याच होत्या. वाचनाच्या तासाला "पान चार उघडा" म्हणाल्या की पोरं बाकाखाली जायची. शेवटी मोठ्या बाई, मुराओका, त्यांना माझ्या खोलीच्या दारातच म्हणाल्या, "शुक्रवारी मी मागं बसणार आहे. हेच चित्र दिसलं तर वाचनाचा तास दुसऱ्या कुणाला देईन."

चिनात्सु बाई आत आल्या, दार लावून घेतलं आणि माझ्याशेजारी बसून नाक पुसलं. पुसता पुसता मी दिसले, आणि माझ्या आत ठेवलेली चित्रं आणि पट्ट्याही.

शुक्रवारी बाईंनी पट्ट्या वाजवल्या. टक! टक! वर्ग चिडीचूप. एक दार. दुसरं दार.

"बाई, तिसरं!" कोहारु ओरडली. ही तीच, पुस्तक काढलं की जिचं पोट दुखायचं.

तिसरं दार उघडलं. गोष्ट होती तानुकीची, म्हणजे कुत्र्यासारख्या दिसणाऱ्या एका रानातल्या प्राण्याची. गोल पोटाचा, लबाड तानुकी गरम पाण्याच्या हमामात फुकट घुसायला बघतो. पोरं खूश.

आणि मग घोटाळा झाला. माझ्यात दिसणाऱ्या चित्राची गोष्ट दुसऱ्याच चित्राच्या पाठीवर लिहिलेली असते. पुढचं चित्र ओढून मागं घातलं की त्याची पाठ वाचायची. बाईंनी आदल्या दिवशी धूळ पुसली, आणि चित्रं परत लावताना उलटसुलट लावली. त्या वाचतायत, "तानुकी बर्फात कुडकुडत उभा होता," आणि चित्रात तानुकी डोक्यावर पंचा ठेवून गरम पाण्यात!

"कुडकुडतोय कुठं? चांगला लाल झालाय!" एक पोर ओरडलं.

वर्ग हसून लोळायला लागला. बाईही लाल झाल्या. मागं मुराओका बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या बिजागऱ्या थरथरल्या. आता गेला तास, आणि मी परत चेंडूंखाली.

पण चिनात्सु बाईंनी बाराच्या बारा चित्रं बाहेर काढली आणि वाटून टाकली. "मला नाही जमलं. तुम्ही लावून द्या. पाठीवरचं मोठ्यानं वाचायचं, ते चित्र कुणाकडे आहे ते शोधायचं आणि गोष्टीप्रमाणे रांगेत उभं राहायचं."

पोरं अकराच, म्हणून एक चित्र उरलं. ते त्यांनी मागं जाऊन मुराओका बाईंना दिलं.

मग काय विचारता! पोरं बोट ठेवून वाचत होती, अडत होती, भांडत होती. "ए, नीट वाच ना, पंचा की पंखा?" कोहारुनं तर सगळं वाक्य वाचलं, "तानु-कीनं... डोक्यावर... पंचा ठेवला," आणि चित्र शोधत सगळ्यांच्या हातांत डोकावली. कुणाकडेच नाही. मग तरातरा मागं गेली.

"तुमच्याकडे आहे! लपवून बसलाय होय? चला रांगेत!"

मुराओका बाईंनी वही बंद केली. उठल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या, कोहारुच्या पुढं. मग मान वळवून म्हणाल्या, "चिनात्सु बाई, पुढच्या शुक्रवारी कुठली गोष्ट?"

आता मी वर्गातच असते, खिडकीशेजारी. बाई अधूनमधून मुद्दाम एखादं चित्र चुकीचं लावतात. मला कळतं, पण मी गप्प बसते.

मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्या शाळेत चेंडूंखाली पडलं असेल तर बाहेर काढा. कोरड्या फडक्यानं पुसा. आणि गोष्ट सांगताना घाई करू नका. आधी एकच दार उघडा.