निळ्या रेघेवरचे वासुदेवराव

डहाणू रोडच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात दर रविवारी सकाळी आइस हॉकी खेळतात, हे ऐकून बाहेरचा माणूस हसतो. आतला हसत नाही, कारण आत थंडी फार आणि हसायला तोंड उघडावं लागतं. कारखान्याचा मालक यतीन. लाद्यांचं गिऱ्हाईक आटलं तेव्हा त्याने मधल्या मोठ्या खोलीत पाणी सोडून जमीनच गोठवली, बुटांना पात्या लावलेले स्केट मागवले आणि गळ्यात शिट्टी अडकवून स्वतः पंच झाला. रबरी चकती अच्छाडच्या टायरवाल्याने ट्रकच्या टायरमधून कापून दिली.

वासुदेवराव या खेळात पडले तेव्हा एकसष्टचे होते. पडले, हे दोन्ही अर्थांनी. तळासरीच्या एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलाशी त्यांनी एकतीस वर्षं काढली, ती सगळी बसून. बर्फावर ते पहिल्यांदा धड उभे राहिले तेव्हा आपल्याला इतकी उंची आहे, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. त्या दिवसापासून रविवार चुकला नाही. गुडघ्यांना तेल चोळताना पत्नी जयमालाबाई म्हणायच्या, "पडायचंच आहे तर घरी पडा ना. रिक्षाभाडं तरी वाचेल."

या खेळातला एक नियम त्यांना मनापासून आवडला होता. समोरच्यांच्या गोलाच्या अलीकडे बर्फावर एक निळी रेघ असते. चकती रेघेच्या आत जाण्याआधी आपला माणूस आत गेला, की शिट्टी. वासुदेवराव म्हणत, "आधी कागद, मग माणूस! हा नियम करणाऱ्याने कचेरीत दिवस काढले असणार."

घोटाळा असा, की नियम त्यांना जास्तच आवडला होता. चकती काठीला लावून ते थाटात रेघेपर्यंत येत आणि तिथे थांबत. मागे वळून आपल्यातलं कुणी आत गेलंय का, ते पाहत. तेवढ्यात अच्छाडच्या संघाचा काकड्या, जो ढाब्यावर तंदूर सांभाळायचा आणि स्वतः तंदूरएवढाच रुंद होता, उष्टं ताट उचलावं तशी चकती उचलून न्यायचा. वर म्हणायचा, "या साहेब, बसा. पाणी देऊ?"

सहा सामने झाले. डहाणूचा एकही गोल झाला नाही.

सातव्या सामन्याआधी संघाची बैठक बसली. घोलवडला चिकूच्या रोपांची नर्सरी चालवणाऱ्या दक्षाबेन म्हणाल्या, "वासुदेवभाई, चकती घेऊन आत जायचंच नाय. रेघेजवळ आलं का लांबूनच आत टाकायची, कोपऱ्यात. मग आपण सगळे मागनं पळायचं."

"म्हणजे अर्ज खिडकीतून फेकायचा आणि मग साहेबांच्या केबिनमध्ये धावत सुटायचं?" वासुदेवराव म्हणाले. "प्रवेश सन्मानाने व्हायला हवा."

"सा रविवार सन्मानच चाललाय," गोल राखणारी चिमी म्हणाली. तळासरीच्या वरच्या अंगाला तिची भाताची खाचरं होती. बैल असो की माणूस, न चालणाऱ्याला ती फार वेळ देत नसे. "साहेब, आज तुमच्या पद्धतीनं खेळू. पण गोल नाय झाला, तर पुढच्या रविवारपासून तुम्ही दाराशी बसायचं. यतीनशेठला गोलांची नोंद ठेवायला माणूस पायजेच आहे. टेबल देतो म्हणाला. खुर्ची पण."

वासुदेवराव बसल्या जागेवरून ताडकन उठले. टेबल! खुर्ची! एकतीस वर्षांनी सुटका झालेल्या माणसाला पुन्हा तीच कोठडी, आणि तीही गारठ्यातली.

सामना सुरू झाला. अच्छाडने लवकरच एक गोल केला. वासुदेवराव चार वेळा रेघेवर पोचले, चार वेळा थांबले आणि काकड्याने त्यांना चार वेळा पाणी विचारलं. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा चकती पाचव्यांदा त्यांच्याकडे आली. ते निघाले. रेघ आली. पाय आपोआप थांबले. मान मागे वळली.

दक्षाबेनचा धीर सुटला आणि धीराबरोबर मराठीही सुटली. "नाख! वासुदेवभाई, नाख! नाख!"

गुजरातीत 'नाख' म्हणजे टाक. वासुदेवरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. गुजराती अर्ज त्यांनी हजारोंनी वाचले होते. पण अर्ज ओरडत नाहीत. हेल्मेटमधून त्यांना 'नाक!' ऐकू आलं. चकती नाकावर येतेय अशा समजुतीने त्यांनी दोन्ही हातांनी नाक झाकलं. सुटलेल्या काठीचा फटका चकतीला बसला आणि ती घरंगळत आत गेली.

इकडे काकड्याने भलतंच पाहिलं. तंदूरच्या आधी त्याने बर्फाच्या कारखान्यातच, पाणी गोठवणाऱ्या अमोनिया गॅसच्या नळ्यांशी, पाच वर्षं काढली होती. बर्फाच्या कारखान्यात कुणी नाक धरलं, की त्याचा अर्थ एकच.

"गॅस सुटला! पळा!"

अच्छाडचा अख्खा संघ दाराबाहेर गेला. गोलराखा काठीसकट गेला, आणि सगळ्यांच्या पुढे शिट्टीसह यतीन. मैदानात उरलेल्या दक्षाबेननी आत जाऊन, इकडे तिकडे पाहून, रोपाला पाणी घालावं तशी हळुवार चकती जाळ्यात सरकवली.

मंडळी परत आली ती भांडतच.

"हा धंदा काय साहेब?" काकड्या धापा टाकत म्हणाला. "खोटी हूल दिलीत!"

यतीनने तोंड गंभीर केलं. "वासुदेवकाका, खरं सांगा. गॅसची हूल मुद्दाम दिली असेल तर गोल रद्द. चुकून झालं असेल तर गोल धरतो."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. 'ही माझी योजना होती' असं म्हणायची अनावर इच्छा वासुदेवरावांच्या ओठांवर आली. योजना किती देखणी दिसली असती! पण तिच्यामागे खुर्ची होती. त्यांनी घसा खाकरला.

"दक्षाबेन 'नाख' म्हणाल्या," ते म्हणाले, "मला नाक ऐकू आलं."

मग काकड्या बर्फावर बसूनच हसला. चिमी गोलाचा खांब धरून हसली. यतीनला शिट्टी फुंकायला तीनदा प्रयत्न करावा लागला.

"गोल!"

"ऱ्हावा साहेब बर्फावरच," डोळे पुसत चिमी म्हणाली. "पण दीड मिनिट बाकी हाय. आता तरी टाका."

खेळ पुन्हा सुरू झाला. अब्रू गेल्यावर माणूस हलका होतो, हे वासुदेवरावांना तेव्हाच कळलं. चकती मिळाली तसे ते निघाले, रेघ दिसली आणि ती येण्याआधीच त्यांनी सगळा जोर लावून चकती कोपऱ्यात भिरकावली. कुणाकडे वळून न बघता ते तिच्यामागे धावले. धावणं जमलं, वळायचं कसं, ते मात्र त्यांना अजून कुणी शिकवलेलं नव्हतं. चकती उजवीकडे वळली. वासुदेवराव पोटावर आले, काकड्याच्या दोन पायांमधून सरळ गेले आणि हेल्मेटसकट अच्छाडच्या जाळ्यात शिरले.

"साहेब," वाकून आत बघत काकड्याने विचारलं, "पाणी देऊ?"

"द्या," जाळ्यातून आवाज आला. "आणि थोडं थांबा, मला आत बरं वाटतंय."